बॅजर करणारा मी नव्हे

सोमवार, सकाळ

आजपासून रोजनिशी. डॉक्टरांचा सल्ला. बीपी वरचा जरा जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, मनात येईल ते वहीत उतरवत चला, म्हणजे घरात सारखं कुणाला सांगत बसायला नको. हे शेवटचं त्यांनी हिच्याकडे बघून का म्हटलं, ते कळलं नाही. बाहेर आल्यावर परत आत जाऊन विचारलं. म्हणाले, सहज. घरी येऊन फोन केला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर पेशंट तपासतायत, आणि आता दिवसभर तपासतच राहणार आहेत.

मुळात मी कमी बोलणारा माणूस. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामात आयुष्य गेलं. शब्द तोलून वापरायची सवय. ऑफिसात मान आहे. मी टेबलाजवळ गेलो की लोक उठून उभे राहतात. काही जण तर बाहेरच निघून जातात. आजकाल एवढा आदर कुठे बघायला मिळतो?

संकल्प: घाबरायचं नाही. घाबरण्यासारखं काही घडलेलंच नाही, तेव्हा संकल्प सोपा आहे.

सोमवार, संध्याकाळ

घडलं.

ऑफिस सुटायच्या बेतात होतं. मामा टेबलाशी आले. मामा म्हणजे आमचे शिपाई, सगळे त्यांना मामाच म्हणतात. म्हणाले, "साहेबांनी शुक्रवारी केबिनमध्ये बोलावलंय. बॅजरची तक्रार आलीय म्हणाले." साहेब म्हणजे मुख्य संपादक. एवढं जिन्यात सांगून ते कुठल्याशा परिषदेला परगावी निघून गेले. शुक्रवारशिवाय येणार नाहीत. फोन लावला. बंद. परत लावला. बंद. रिक्षात बसून लावला, उतरून लावला.

मामांना मी फक्त एवढंच विचारलं, की तक्रार कुणी केली. तोंडी केली की लेखी. साहेब हे बोलताना हसत होते का. बॅजर म्हणाले की बॅजरिंग. वरच्या पायरीवर उभे होते की खालच्या. मामा म्हणाले, मला कुलूप लावायचंय. मी कुलपापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. पुढे बसस्टॉपपर्यंत गेलो. समोर त्यांची बस उभी होती, तरी ते चालतच घरी निघाले. तब्येतीची काळजी घेतात.

शब्द ऐकलेला आहे. कुठलासा प्राणी. पण एखाद्या प्राण्यावरून माझी तक्रार कोण कशाला करील?

हात गार पडलेत. पंख्याखाली बसलोय म्हणून. भीती वगैरे काही नाही.

मंगळवार

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात. मोठा इंग्रजी कोश काढला.

बॅजर, नाम. बुटका, जाडजूड, बिळात राहणारा प्राणी. तोंडावर पांढरे पट्टे. मराठीत याला धड नाव नाही.

बॅजर, क्रियापद. एखाद्याला तेच तेच पुन्हा पुन्हा विचारून, मागून, जेरीस आणणे.

म्हणजे भंडावणे. पिच्छा पुरवणे. डोकं खाणे. भुणभुण लावणे. जीव नकोसा करणे. मराठीत यासाठी इतके शब्द निघाले की मलाच नवल वाटलं. आपल्या माणसांना याचा अनुभव दांडगा असणार.

उगम वाचला आणि खुर्चीत बसूनच राहिलो. जुन्या काळी तिकडे एक खेळ होता. बॅजरला धरून पेटीत कोंडायचे आणि त्याच्यावर कुत्रे सोडायचे. कुत्र्याने बॅजर बाहेर ओढला की त्याला सोडवून परत पेटीत, आणि परत कुत्रे. लोक भोवती उभे राहून बघायचे. पुढे कायद्याने खेळ बंद झाला, क्रियापद तेवढं मागे राहिलं.

केबिनच्या दाराकडे बघितलं. दाराला धुरकट काच आहे. आत कोण आहे ते नीट दिसत नाही, नुसती सावली हलते.

मग लख्ख कळलं. बॅजर मी आहे. पेटी ती समोर आहे. शुक्रवारी मला आत घालणार.

यात आणखी एक अन्याय आहे. कुत्रे बॅजरला छळतात, पण क्रियापद कुत्र्यांच्या नावावर नाही. ते बॅजरच्या नावावर! जणू छळणारा तोच. सोसायचं ह्याने आणि नाव खराब तेही ह्याचंच. माझ्यासारखंच झालं की हे. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि भंडावल्याची तक्रार माझ्यावर.

आता प्रश्न एवढाच, की कुत्रे कोण?

आमच्या मजल्यावर माणसं मोजकी. मुद्रितं तपासणाऱ्या बाई. त्यांना सगळे अनुस्वारबाई म्हणतात, कारण गळालेला अनुस्वार त्यांना पलीकडच्या टेबलावरून दिसतो. दुसरा डीटीपी करणारा. त्याच्या कानांवर कायम हेडफोन, म्हणून तो हेडफोन. आणि मामा.

अनुस्वारबाईंपासून सुरुवात केली. अगदी सौम्यपणे. त्या वाचत होत्या. विचारलं, बाई, माझ्याबद्दल कुणी काही बोललं का? म्हणाल्या, नाही. म्हटलं, नाही म्हणजे बोललं नाही, की तुम्ही ऐकलं नाही? म्हणाल्या, सर, मी पान वाचतेय. पाणी प्यायला उठल्या तेव्हा कूलरपाशी विचारलं. जिन्यात विचारलं. डबा खाताना समोर बसून विचारलं. त्यांनी डबा अर्धाच खाऊन बंद केला.

भूक मेली, म्हणजे मनात काहीतरी खात असणार. संशय बळावला.

बुधवार

पोटात गोळा. सकाळपासून. चहा प्यायला तर तोही गोळ्याच्या वर जाऊन बसला.

कोशात इतर क्रियापदंही बघून घेतली, बचावाला उपयोगी पडतील म्हणून. हाउंड: उघड कुत्राच. हॅरॅस: जुन्या फ्रेंचमध्ये कुत्रा छू करण्याचा काहीतरी संबंध असावा, असं कोश भीत भीत म्हणतो. म्हणजे इंग्रजीत माणसाला छळायचं झालं की कुत्र्याशिवाय भागत नाही. फक्त पेस्टर वेगळं. त्यात घोड्याचे पाय बांधायचे. वाचून माझे पाय जड झाले.

हेडफोनला गाठलं. तो कीबोर्ड बडवत होता. तीनदा हाक मारली. शेवटी एका कानावरचा हेडफोन हलकेच उचलून विचारलं. तो एवढा दचकला, की स्क्रीनवरचा मजकूर कुठल्या कुठे गेला. मी धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, मी फक्त विचारतोय, तक्रार तू केलीस का? म्हणाला, कसली तक्रार? म्हटलं, तेच तर मी विचारतोय. म्हणाला, सर, 'सी' अक्षराची अख्खी फाइल उडाली. म्हटलं, फाइलचं नंतर बघू. आधी साहेबांशी तुझं शेवटचं बोलणं कधी झालं ते सांग.

तो फाइलच शोधत राहिला. डोळे तांबारले होते. अपराधी माणसाचे असेच दिसतात.

दुपारी लेकीला फोन. ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते, दिवसभर इंग्रजीतच बोलते. म्हटलं, तिला विचारावं, की ऑफिसात कुणी बॅजरिंग म्हणालं तर ते किती गंभीर. नोकरी जाऊ शकते का. ती म्हणाली, बाबा, मीटिंगमध्ये आहे. ठीक आहे. मीटिंग संपली का, हे विचारायला परत केला. मग मेसेज केला. मेसेज बघितलास का, असा मेसेज केला. मग संध्याकाळी घरी आल्यावर हिच्या फोनवरून केला. तो लगेच उचलला.

माझा आवाज ऐकून म्हणाली, "बाबा, दुपारपासून तुम्ही हेच चालवलंय. यालाच बॅजरिंग म्हणतात."

वाक्यात उपयोग करून दाखवला. हुशार आहे पोर. पण गंभीर किती, ते सांगायच्या आत फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

नोकरी गेली तर? निवृत्तीला फार राहिलेलं नाही. शेवटच्या दिवशी लोक हार घालतात, चार शब्द बोलतात. मला काय बोलून घालवतील? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुठे जाऊ?

गुरुवार, सकाळ

हिच्यासमोर बचावाच्या भाषणाची तालीम केली. भाषण उत्तम आहे. सुरुवात बॅजरच्या तोंडावरच्या पट्ट्यांपासून. मध्ये पेटी, कुत्रे. शेवट असा: साहेब, जो स्वतः पेटीत आहे, तो कुणाला काय भंडावणार?

ही पोळी लाटत होती. म्हणाली, "अहो, पण खरंच कुणीतरी तक्रार केली असेल तर?"

म्हटलं, खरंच म्हणजे?

म्हणाली, "म्हणजे खरंच. तुम्हाला काही सांगितलं की तुम्ही लगेच पुढचं विचारता. ते सांगितलं की त्याच्या पुढचं. तुम्हाला उत्तर नकोच असतं. समोर माणूस बसलेला हवा असतो. पोरगी होती तोवर ती बसायची. आता मी बसते. मला उठता येत नाही, म्हणून बसते."

मी विचारलं, उठता येत नाही म्हणजे नक्की काय? तिने लाटणं खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. पोळी तव्यावर करपली.

हिला भाषेच्या कामाची कल्पना नाही. प्रश्न विचारल्याशिवाय शब्दकोश होत नसतो.

तरी पोटातला गोळा आज छातीपर्यंत आलाय.

गुरुवार, दुपार

ऑफिसात काहीतरी शिजतंय. मी आत गेलो, तर तिघं एकत्र उभे होते. बोलणं थांबलं. अनुस्वारबाईंनी टेबल खिडकीपाशी सरकवून घेतलंय, कपाटाच्या पलीकडे. विचारलं तर म्हणाल्या, उजेडासाठी. खिडकी उत्तरेची आहे, उजेड काही येत नाही. हे मी त्यांना पटवून दिलं. दोनदा गेलो पटवायला.

हेडफोनने आता हेडफोनवर टोपी घातलीय.

मामांना हाक मारली तर आवाज आला, पण मामा आले नाहीत. आवाज बाथरूमकडून होता. मी तिथे गेलो. दार आतून बंद. आत कुणीतरी हळू आवाजात फोनवर बोलत होतं. "परत आले तर मी आजारी पडलोय म्हणून सांग. नाही, नाही, दाराबाहेरच उभे आहेत बहुतेक."

बिचारे मामा! यांच्याही मागे कुणीतरी लागलंय. मी दाराबाहेर उभाच होतो, पण आजूबाजूला दुसरं कुणी दिसलं नाही. धीर द्यावा म्हणून दारावर टकटक केली. मामा, कोण त्रास देतंय तुम्हाला? मला सांगा. आत एकदम शांत झालं. बराच वेळ थांबलो.

परत येऊन बसलो तेव्हा मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. खुर्च्या तशाच ओढलेल्या. बाईंचा चष्मा टेबलावर राहिलेला. सगळे चहाला गेले असतील. मला हाक मारायला विसरले.

रिकाम्या मजल्यावर बसवेना. केबिनच्या काचेत मीच दिसत होतो, सावलीसारखा. घाबरलो नाही. फक्त उठून दिवे लावले.

शुक्रवार

पेटीत जाऊन आलो. जसं घडलं तसं लिहितो.

साहेब समोर. मी उभाच राहिलो. बसा म्हणाले. बसलो. म्हटलं, साहेब, बॅजरच्या तोंडावर पांढरे पट्टे असतात. साहेब म्हणाले, "हो, ते ठीक आहे. तुम्हाला मामांनी सांगितलं ना? एका शाळेतल्या मास्तरांची तक्रार आलीय. आपल्या कोशात बॅजर म्हणजे नुसता प्राणी दिलाय, क्रियापद दिलंच नाही. मुलं अडतात. म्हटलं, नव्या आवृत्तीसाठी ही नोंद तुम्हीच करा. उगम, अर्थ, वापर, सगळं. शब्दांच्या मागे लागायची चिकाटी तुमच्याएवढी इथे कुणात नाही."

डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसांचा गोळा असा विरघळला, की मी टेबलाची कड धरली. शब्दाची तक्रार! माझी नव्हे! हसू येऊ लागलं. उठलो, नमस्कार केला, दारापर्यंत गेलो.

साहेब म्हणाले, "थांबा. बसा परत."

परत पेटीत.

म्हणाले, "सोमवारपर्यंत तुमच्याविरुद्ध काही नव्हतं. कालपासून मात्र आहे." हेडफोनने राजीनाम्याची भाषा केलीय. मामांनी तळमजल्यावर बदली मागितलीय. आणि अनुस्वारबाई. साहेब बाईंचं सांगताना खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "त्यांनी तक्रार केली नाही हो. मीच खोदून विचारलं. म्हणाल्या, सर मनाने वाईट नाहीत. पण त्यांची खुर्ची करकरली की माझ्या पोटात गोळा येतो. मंगळवारपासून मी तेच पान वाचतेय."

पोटात गोळा. बाईंच्या.

मी विचारलं, त्या हे रडत म्हणाल्या की नुसत्याच? फोनवर म्हणाल्या की समोर? इतर दोघं तेव्हा होते का? मामांनी कारण काय दिलं?

साहेबांनी हात वर केला. रस्त्यावर पोलीस करतो तसा. मग अगदी हळू म्हणाले, "महिनाभर घरून काम करा. ही एकच नोंद. शांतपणे." शिक्षा नव्हे म्हणाले. विश्रांती. मी दार ओढून घेतलं. बाहेर तिघंही माना खाली घालून काम करत होते. मी त्यांच्याकडे जायला निघालो होतो. एक पाऊल टाकलं. हेडफोनचे हात कीबोर्डवरच थांबले. बाईंनी पदर मुठीत धरला. त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि बॅग घेऊन जिना उतरलो.

ते मला घाबरतात! मला! मी तर आठवडाभर त्यांनाच घाबरत होतो.

घरी हिला सांगितलं, महिनाभर घरून काम. ही कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "महिनाभर? दिवसभर?" तिच्या हातातली चादर खाली पडली. एवढं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. धीर द्यायला जवळ गेलो. काय झालं? कशामुळे? चक्कर येतेय का? कधीपासून?

तिने लेकीला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

रविवार

ही लेकीकडे गेली. आठ-दहा दिवस म्हणाली. बदल हवाय म्हणे. स्टेशनवर मी परतीची तारीख विचारली. नक्की नाही. अंदाजे? बघू. म्हणजे या आठवड्यात की पुढच्या? तिने खिडकीतून माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, जेवत जा वेळेवर. गाडी हलली. मी फलाटावर थोडं बरोबर चाललो. तिने काच ओढून बंद केली नाही.

चला, नोंद लिहायला निवांतपणा मिळाला.

सोमवार

टेबल मांडलं. कागद, कोश, चहा. नोंदीचा पूर्वार्ध झाला. अर्थ दिला, उगम दिला. कुत्र्यांनाही न्याय दिला. राहिलं वापराचं वाक्य. शब्दाला जिवंत वाक्य लागतं. ते बोलण्यातून यावं लागतं, आणि इथे बोलायला कुणी नाही.

घरात दार नाही करकरत, नळ नाही गळत. हिने सगळं दुरुस्त करून ठेवलंय. सकाळभरात मी एकही वाक्य मोठ्याने बोललो नाही. मधे एकदा स्वतःलाच विचारलं, चहा ठेवू का परत? आवाज परका वाटला. लेकीला फोन लावायला हात गेला, मग फोनच कुशनखाली दाबून ठेवला आणि वर बसलो.

मग बेल वाजली. जवळजवळ धावतच गेलो.

विजेचं मीटर बघणारा माणूस. खांद्याला बॅग, हातात ते मशीन. मीटर दाराच्या आतल्या बाजूला आहे. बसा म्हटलं. नको म्हणाला. पाणी? नको. चहा? नको. किती वर्षं आहात या कामात? घरी कोण कोण? जिने चढून गुडघे दुखत नाहीत? एका दिवसात किती घरं? सगळ्यात चांगली माणसं कुठल्या मजल्यावर भेटतात? तुम्हाला भंडावणे हा शब्द जास्त जवळचा वाटतो, की पिच्छा पुरवणे?

तो मशीनवरचे आकडे दाबत होता. दारात मी उभा होतो, त्यामुळे त्याला बाहेर पडता येईना. शेवटी त्याने मान वर केली. चाळिशीचा असेल. चेहरा घामेजलेला. ओरडला नाही. हात जोडले आणि म्हणाला, "काका, नका ना भंडावू. जाऊ द्या मला."

मी बाजूला झालो. तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला.

वाक्य उत्तम आहे. छोटं, जिवंत, बोलण्यातलं. नोंदीत घातलं. नियमाप्रमाणे पुढे स्पष्टीकरण द्यायला हवं, की हे कोण कुणाला म्हणतोय. तिथे पेन अडलंय. दुपार झाली, अजून अडलेलंच आहे. कुणाला विचारू?